हॉट सीट ते पटांगण

श्रावण लागला की हिंगोली जिल्ह्यातल्या मोठ्या गावांतून एक फ्लेक्स हमखास झळकू लागतो. वर ठळक अक्षरांत ‘खेळ पैठणीचा’, मधोमध हात जोडलेले नेते, त्यांच्याखाली अंगठ्याएवढ्या फोटोंतले कार्यकर्ते आणि तळाशी बक्षिसांची यादी. पहिलं बक्षीस पैठणी, मग फ्रीज, कूलर, मिक्सर, कुकर आणि उत्तेजनार्थ नथ. प्रवेश फक्त महिलांना. शाळेच्या पटांगणावर मंडप पडतो, स्पीकर लागतात आणि संध्याकाळी एक अँकर माइक हातात घेऊन समोरच्या बायकांना ‘वहिनी’ म्हणून हाक मारतो. बायका त्याला ‘भावजी’ म्हणतात. चमच्यात लिंबू, मिनिटभरात जास्तीत जास्त फुगे, प्लास्टिकच्या ग्लासांचा मनोरा, संगीत खुर्ची, मधूनमधून उखाणा. रात्री उशिरा एकीच्या खांद्यावर पैठणी पांघरली जाते आणि फोटो निघतात. नेत्यांचं भाषण त्याआधीच उरकून घेतलेलं असतं, कारण पैठणी दिल्यावर मंडपात कोणी थांबत नाही.

यातलं काहीच टीव्हीवर दिसत नाही. कॅमेरा असलाच तर कोणाच्या तरी मोबाइलचा. तरी खेळाची सगळी चाल टीव्हीवरून आलेली आहे. सूत्रसंचालकानं नात्यानं हाक मारायची, खेळाआधी लग्न कसं जमलं ते विचारायचं, घड्याळ लावायचं, शेवटी दोघींत चुरस लावून ताणायचं आणि बक्षीस द्यायच्या आधी संगीत वाढवायचं, हे सारं पडद्यावर पाहून शिकलेलं. टीव्हीवरचा खेळ पटांगणात कसा उतरला, कोणत्या वाटेनं आला आणि वाटेत त्याचं काय काय बदललं, हा या संग्रहाचा विषय आहे.

गेम शोचा इतिहास एरवी बनवणाऱ्यांच्या बाजूनं सांगितला जातो. कोणी कल्पना काढली, कोणत्या वाहिनीनं हक्क घेतले, कोणत्या नटाला किती मानधन मिळालं. हिंगोलीतून तोच इतिहास पाहिला तर आधी वेगळा प्रश्न सुचतो: या खेळात खेळायला कोणाला मिळतं आणि नुसतं बघत कोणाला बसावं लागतं? पुढची सगळी मांडणी याच प्रश्नाला धरून आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला आणि ‘कौन बनेगा करोडपती’ (केबीसी) ३ जुलै २००० रोजी सुरू झालं, म्हणजे दोघं जवळजवळ एकाच वयाचे. योगायोगच, पण जिल्ह्यातल्या एका पिढीला घरातल्या कोणत्याही घटनेचं साल विचारा, ‘करोडपती लागलं त्या वर्षी’ असा हिशोब ती सहज करते.

टीव्ही येण्याआधी इथं प्रश्नोत्तरांचे खेळ नव्हते असं समजायचं कारण नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात शक्ती श्रेष्ठ म्हणणारे कलगीवाले आणि शिव श्रेष्ठ म्हणणारे तुरेवाले एकमेकांना कूट घालत. समोरच्यानं ते सोडवायचं, नाहीतर भर फडात मान खाली घालायची. तमाशातल्या सवाल-जवाबाचं मूळ तेच. प्रश्न, वेळेचा दाब, दाद देणारे प्रेक्षक आणि हरणाऱ्याची फजिती, हे सगळं त्यात होतं. नव्हती ती फक्त बक्षिसाची रक्कम. वाशिम आणि यवतमाळच्या शेजारामुळे इकडे भुलाबाईची गाणीही म्हटली जातात. गाणी संपली की झाकलेली खिरापत ओळखायची. कोणी डबा हलवून आवाज ऐकतं, कोणी वास घेतं, कोणी ‘गोड की तिखट’ विचारून पर्याय कमी करून घेतं. गाण्याच्या भेंड्या तर शाळेच्या सहलीची एसटी फाट्याला लागायच्या आत सुरू होतात. हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना. रामलीला मैदानावरच्या त्याच्या प्रदर्शनात रिंग टाकून वस्तू जिंकायचे ठेले असतात, आणि तिथं पैसे घालवल्याशिवाय दसरा झाल्यासारखा वाटत नाही. टीव्हीनं आणलेल्या बहुतेक खेळांची चव आपल्या लोकांना आधीच माहीत होती. म्हणून ते इतक्या लवकर रुजले, असं माझं मत आहे. संग्रहातल्या दोन लेखकांना ते मान्य नाही आणि त्यांनी तसं स्पष्ट लिहिलंही आहे.

बक्षिसाच्या खेळाबद्दल सरकारला वाटणारी धास्तीही जुनीच. स्वातंत्र्यानंतरच्या काळात वर्तमानपत्रांतल्या शब्दकोड्यांवर मोठी बक्षिसं लागत आणि लोक पदरमोड करून प्रवेशिका पाठवत. १९५५ मध्ये केंद्रानं कायदा करून महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसांच्या स्पर्धांना मनाई केली. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जिथं यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे तिथं हा कायदा लागत नाही. कौशल्य कुठं संपतं आणि नशीब कुठं सुरू होतं, हा प्रश्न त्या निकालातून जो वर आला तो अजून खाली बसलेला नाही. टीव्हीवरच्या प्रत्येक खेळाला तो कधी ना कधी गाठतो.

परदेशातला इतिहास थोडक्यात. बीबीसीनं १९३८ मध्ये शब्दांची स्पेलिंगं विचारण्याचा कार्यक्रम दाखवला, तो टीव्हीवरचा पहिला गेम शो मानतात. अमेरिकेत १९५५ च्या ‘द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’नं प्रश्नोत्तरांना पैशाची झिंग चढवली आणि लगेच घोटाळाही झाला. ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात महिनोन्‌महिने जिंकणारे प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कबूल केलं की उत्तरं त्यांना आधीच पुरवली जात होती. पुढच्याच वर्षी असे खेळ आधी ठरवून खेळवणं तिथं गुन्हा ठरलं. गंमत अशी की १९६४ चं ‘जेपर्डी’ याच बदनामीतून जन्मलं. उत्तरं पुरवली म्हणून ओरड होते ना, मग आपण उत्तरंच देऊ आणि खेळाडूनं प्रश्न ओळखायचा, ही कल्पना मर्व्ह ग्रिफिन यांना त्यांच्या पत्नीनं सुचवली. दुसरीकडे ‘द प्राइस इज राइट’नं ज्ञान बाजूला ठेवून वस्तूची किंमत ओळखायला लावलं आणि ‘लेट्स मेक अ डील’नं बंद दारांमागचं नशीब विकलं. बीबीसीच्या ‘मास्टरमाइंड’ची काळी खुर्ची आणि तिच्यावर पडणारा एकच झोत ही बिल राइट यांची कल्पना. महायुद्धात पकडल्यावर गेस्टापोनं त्यांची झडती-चौकशी केली होती, तिच्या आठवणीतून ती सुचली. करोडपतीच्या हॉट सीटवर बसलेला माणूस घाम का पुसतो, याचं थोडं उत्तर त्या खुर्चीत आहे.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. सबीरा मर्चंट यांचा शब्दांचा खेळ ‘व्हॉट्स द गुड वर्ड’ सत्तरच्या दशकात मुंबईच्या घरांत आवडीनं पाहिला जाई. हिंगोलीचा त्याच्याशी काही संबंध येण्याचा प्रश्नच नव्हता. १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, तेव्हा आपल्याकडच्या पडद्यावर चित्र दिसू लागलं. चित्रापेक्षा मुंग्याच जास्त, पण दिसू लागलं. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ आला. कॉलेजांचे संघ, टाय लावलेली मुलं, इंग्रजीत विचारलेले प्रश्न आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत वाजणारी घंटी. गावात ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओसरीवर बसून लोक हेही बघत. हा खेळ आपला नाही याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती आणि त्याचं कोणाला दुःखही नव्हतं. परभणी आकाशवाणी ऐकणाऱ्यांना रेडिओवरची बोर्नव्हिटा क्विझ त्याआधीपासून ठाऊक होती, पण तीही शहरातल्या शाळांची. या टप्प्यावर इथला माणूस फक्त प्रेक्षक होता.

२ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झालं, केबलवाल्यांनी गच्च्यांवरून वायरी ओढल्या आणि १९९३ मध्ये अन्नू कपूरची ‘अंताक्षरी’ घराघरांत आली. हा इंग्रजी न येणाऱ्यांनाही खेळता येईल असा टीव्हीचा खेळ. लोक घरी बसून पडद्यावरच्या गटाच्या आधी गाणं म्हणत आणि जिंकत. त्या काळच्या आठवणी सांगणाऱ्यांचा उत्साह पाहिला की वाटतं, गेम शोचं खरं यश स्टुडिओत कोण जिंकलं यापेक्षा घरातल्या किती जणांनी उत्तर ओरडून सांगितलं यावर मोजावं.

मग करोडपती. ‘हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेअर’ ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू झालं. स्टार प्लसनं त्याचं हिंदी रूप आणलं, सिद्धार्थ बसूंच्या संस्थेनं ते उभं केलं आणि अमिताभ बच्चन सोमवार ते गुरुवार रात्री नऊ वाजता पडद्यावर येऊ लागले. पंधरा प्रश्न, तीन लाइफलाइन, एक कोटी. मराठवाड्याला हिंदीची अडचण नव्हतीच. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, शाळा-कचेरीत उर्दू चाले, बाजारात दखनी आजही ऐकू येते. उलट मुंबईच्या मराठी मालिकांतली भाषाच इथल्या म्हाताऱ्यांना परकी वाटे आणि बच्चनची हिंदी जवळची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खेळात शिरायचं दार फोनमधून उघडत होतं. कॉलेजचा संघ नको, टाय नको, इंग्रजी नको. एसटीडी बूथवर जायचं, नंबर फिरवायचा आणि उत्तर द्यायचं. लाइन लागत नसे आणि बिल मात्र होई, ही त्या वर्षाची सार्वत्रिक तक्रार. तरी नुसता नंबर फिरवतानाही माणूस प्रेक्षकाचा उमेदवार झालेला असे.

२००० च्या ऑक्टोबरात हर्षवर्धन नवाथे हा मुंबईचा मराठी तरुण पहिला करोडपती झाला. तो लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करत होता, ही बाब इथं नीट लक्षात घ्यायला हवी. कारण नंतरच्या पंचवीस वर्षांत हिंगोली, वसमत, कळमनुरीत ज्या अभ्यासिका उघडल्या, तिथं बसलेली मुलं जे सामान्यज्ञान पाठ करतात आणि हॉट सीटवर जे विचारलं जातं, त्यांचा साचा एकच आहे. एक प्रश्न, चार पर्याय, एक बरोबर. करोडपतीनं स्पर्धा परीक्षांचं वेड आणलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण पाठांतराला त्यानं प्रतिष्ठा दिली. ज्याला पुष्कळ माहीत आहे त्याची गावात ‘लई हुशार’ म्हणून ओळख होते, आणि ‘तू करोडपतीत का जात नाहीस’ हे वाक्य त्याला लग्नकार्यात दर वेळी ऐकावं लागतं. ज्ञान म्हणजे सुटे तपशील, ही समजूत त्यातूनच पक्की झाली, आणि ती मला फारशी हितावह वाटत नाही. जलसंधारणाची योजना कोणत्या साली आली हे सांगणारी मुलं पुष्कळ भेटतात. कयाधू उन्हाळ्यात कोरडी का पडते यावर दहा मिनिटं बोलणारी कमी.

करोडपतीच्या मागोमाग आलेल्या नकला भराभर विरल्या. ‘सवाल दस करोड का’त रक्कम दसपट होती, पण समोर बच्चन नव्हते. ‘जीतो छप्पर फाड के’मध्ये गोविंदा होता, ‘खुल जा सिम सिम’मध्ये दारं होती. ‘कमजोर कडी कौन’मध्ये नीना गुप्ता हरणाऱ्याला झिडकारून घालवत, ते कोणालाच आवडलं नाही. आपल्याकडे हरलेल्याला चहा पाजून पाठवायची रीत आहे, आणि बच्चन यांनी नेमकं तेच केलं. २००७ ला शाहरुख खान त्या खुर्चीसमोर बसले तेव्हा फरक सगळ्यांना कळला. मूळ ब्रिटिश खेळाची हक्कासोबत येणारी नियमावली संगीतापासून दिव्यांपर्यंत सगळं ठरवून देते. पाहुण्याला घरच्यासारखं बसवणं त्यात लिहिलेलं नव्हतं.

आणि हेच पाहुणचाराचं सूत्र उलटं फिरवून मराठीनं स्वतःचा खेळ काढला. १३ सप्टेंबर २००४ रोजी तेव्हाच्या अल्फा मराठीवर, म्हणजे पुढच्या झी मराठीवर, ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं आणि ते २०२२ पर्यंत चाललं. आदेश बांदेकर कॅमेरा घेऊन लोकांच्या घरी जात. स्टुडिओ नाही, कोटी नाही, प्रश्नपेढी नाही. दोन वहिनी, त्यांचं सासर, लग्नाची गोष्ट, चार साधे खेळ आणि जिंकणारीला पैठणी. परदेशी हक्क विकत घेऊन आणलेल्या कार्यक्रमांच्या गर्दीत हा खेळ हळदीकुंकू आणि मंगळागौरीच्या मातीतून उगवला होता. तो क्विझच्या शिडीवरून उतरून थेट दिवाणखान्यात आला. टीव्हीच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, कारण तो सोपा वाटतो. मला तो भारतीय गेम शोच्या इतिहासातला करोडपतीइतकाच मोठा टप्पा वाटतो. करोडपतीत खेळाडूला मुंबईला जावं लागतं, इथं खेळच खेळाडूच्या घरी येई.

त्याच्यावरचे आक्षेपही खरे आहेत. बाईची ओळख कोणाची तरी सून, कोणाची तरी बायको एवढीच राहते. कौतुक व्हायचं तर संसाराचंच व्हायचं. उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे विधवा, परित्यक्ता, अविवाहित बाईला या खेळात जागा नाही. घर निवडलं जाई तेही बराच काळ मुंबई-ठाणे-पुण्याच्या आवाक्यातलं. दुसरी बाजूही सांगायला हवी. रोज संध्याकाळी अर्धा तास घरातली बाई सोफ्यावर बसलेली आणि सासू तिची तारीफ करताना दिसे, आणि तेही आठवड्याचे सहा दिवस. संग्रहातल्या एका लेखिकेनं हा कार्यक्रम पाहणाऱ्या शेतमजूर बायकांशी बोलून लिहिलं आहे. तिच्या लेखातली माणसं यातल्या कोणत्याच बाजूला सरळ उभी राहत नाहीत, म्हणून तो लेख मला मोलाचा वाटतो.

गावांनी हा खेळ उचलला तो कोणाची परवानगी न घेता. भावजी ही एका माणसाची ओळख होती, ती पदवी झाली. आज मराठवाड्यात पैठणीचे खेळ घेणं हा कित्येक तरुणांचा धंदा आहे. त्यांच्याकडे स्वतःचे खेळ, विनोद, साउंड सिस्टिम आणि ठरलेले दर असतात. पैठणी बहुधा ‘सेमी’ असते, यंत्रमागाची. हातमागावरची पैठणी येवल्याला विणतात आणि तिची किंमत मंडपाच्या खर्चाहून जास्त होते. ज्या गावाच्या नावानं ती ओळखली जाते ते पैठण मराठवाड्यात, गोदावरीच्या काठावर आहे, हे अँकर प्रत्येक वेळी आवर्जून सांगतो आणि टाळ्या घेतो. खर्च उचलणारा इच्छुक उमेदवार असतो किंवा त्याला पाठबळ देणारा. भावजी आणि राजकारण यांचं नातं काही गावानं शोधून काढलेलं नाही: २००९ मध्ये बांदेकर स्वतः माहीममधून विधानसभेला उभे राहिले होते, आणि पडले. पैठणीनं मतं मिळतातच असं नाही, पण ती न वाटण्याची हिंमत आता कोणाला होत नाही.

पटांगणात आल्यावर या खेळानं एक गोष्ट केली, जी टीव्हीनं केली नव्हती. गर्दी जमवायची तर सगळ्यांना बोलवावं लागतं, आणि सगळ्यांत कुंकू न लावणाऱ्याही येतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारनं तो इतरांपुढे ठेवला आणि त्यानंतर अशा खेळांत विधवा बायकांना स्टेजवर बोलावण्याबद्दल उघडपणे बोललं जाऊ लागलं. बोलणं आणि बोलावणं यांत अंतर आहे. काही ठिकाणी आता उखाण्यात मुलाचं किंवा आईचं नाव चालतं. हा बदल एका खेळाच्या नियमापुरता आहे, फार मोठा मानू नये, पण खेळाचे नियम बदलण्याचा अधिकार गावाकडे आला आहे एवढं त्यातून दिसतं.

या सगळ्या पसाऱ्याची घराणी लावायची झाली तर ढोबळमानानं अशी लागतात. क्विझ ते करोडपती हे ज्ञानाचं घराणं, किंमत, दारं आणि पेट्यांचं नशिबाचं घराणं, ज्यात सलमान खानचं ‘दस का दम’ही ओढूनताणून बसतं, अंताक्षरीचं गाण्या-शब्दांचं घराणं, आणि होम मिनिस्टरचं घरगुती घराणं. पाचवं घराणं गुणदर्शनाचं. त्याला गेम शो म्हणायचं की नाही यावर संपादनाच्या बैठकीत बरीच खडाजंगी झाली. माझं म्हणणं असं की प्रेक्षकाचं मत मोजून निकाल लागला, की गाणंही खेळ होतं. २००९ च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’च्या वेळी आळंदीच्या कार्तिकी गायकवाडसाठी आणि लातूरच्या रोहित राऊतसाठी लोकांनी एसएमएस केले, फ्लेक्स लावले. पडद्यावरच्या मराठवाड्यातल्या मुलामागे मराठवाडा पहिल्यांदा उभा राहिला. त्या एसएमएसचा पैसा कुठं जातो, हा प्रश्नही त्याच सुमारास विचारला जाऊ लागला होता. करोडपतीच्या २००७ च्या पर्वात घरबसल्या उत्तर पाठवायच्या स्पर्धेसाठी एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडत. बक्षीस त्यातूनच निघतं असा आरोप होऊन राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये एक कोटींचा दंड लावला. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तो पुराव्याअभावी रद्द केला. निकाल काहीही लागो, घरात बसलेला माणूस प्रेक्षकही असतो आणि गिऱ्हाईकही, हे त्या खटल्यानं कागदावर आणलं.

सहावं घराणं कोंडून ठेवण्याचं. नेदरलँड्समध्ये १९९९ ला सुरू झालेला ‘बिग ब्रदर’ मराठीत २०१८ मध्ये ‘बिग बॉस’ म्हणून आला. मला तो पाहवत नाही, तेव्हा त्यावरचा लेख ज्यांना पाहवतो त्यांच्याकडून लिहून घेतला आहे. मात्र २०२४ च्या पर्वात बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण जिंकला, तेव्हा ज्याला नीट वाचता येत नाही तो टीव्हीवरचा खेळ जिंकू शकतो, ही बातमी गावोगाव वेगळ्या अर्थानं पोचली, हे नोंदवायलाच हवं. ‘क्विझ टाइम’पासून आपण किती लांब आलो, ते त्या एका निकालावरून कळतं. ही प्रगती की घसरण, यावर लेखकांत एकमत नाही.

ज्ञानाच्या घराण्यातही मधल्या काळात बदल झाले. २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकरांनी ‘कोण होईल मराठी करोडपती’ सादर केलं. २०१९ मध्ये सोनी मराठीच्या ‘कोण होणार करोडपती’त नागराज मंजुळे खुर्चीसमोर आले आणि स्पर्धक आपापल्या बोलीत बोलू लागले. त्याच वर्षी हिंदी करोडपतीत अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या. शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवणारी बाई, महिना मानधन १५०० रुपये. हिंगोलीहून अंजनगाव जिल्हे ओलांडून आहे, पण खिचडीची कढई आणि ते मानधन इथल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत ओळखीचं. त्या भागानंतर शाळांतून जी चर्चा झाली ती प्रश्नांची नव्हती, मानधनाची होती.

आज या विषयाकडे वळण्याचं कारण आठवणी काढणं एवढंच नाही. ‘तुम्हाला केबीसीची पंचवीस लाखांची लॉटरी लागली आहे’ असे व्हॉट्सअॅप संदेश बच्चन यांच्या फोटोसह गावोगाव फिरतात, आणि प्रक्रिया शुल्क म्हणून लोक पैसे भरून बसतात. पोलिस इशारे देऊन थकले. करोडपतीत लॉटरी नसते, तिथं उत्तर द्यावं लागतं, एवढी साधी गोष्ट ज्याला माहीत आहे तो वाचतो. म्हणजे खेळाचा ढाचा समजणं आता चैनीचं राहिलेलं नाही. त्यात मोबाइलवरच्या पैशाच्या खेळांनी कौशल्याचं नाव घेऊन शेतकऱ्यांच्या पोरांच्या खिशात हात घातला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि तिथं कौशल्य की नशीब हा भेदच काढून टाकला. १९५७ च्या निकालातला प्रश्न अशा रीतीनं मागल्या दारानं परत आला आहे. टीव्हीवरच्या खेळात निदान हरणारा गाठीचं गमावत नसे. ही जुनी सभ्यता कधी आणि कशी गेली, याचा माग एका लेखात काढला आहे.

हा संग्रह विश्वकोश नाही. परदेशी कार्यक्रमांवर स्वतंत्र लेख नाहीत. जिथं आपल्या खेळाचा धागा तिकडे जातो तिथंच ते येतात. निर्मात्यांच्या मुलाखती मुद्दाम टाळल्या, त्या इतरत्र भरपूर मिळतात. त्याऐवजी अँकर, मंडपवाले, केबलवाले, अभ्यासिकेतली मुलं आणि पैठणी जिंकलेल्या व न जिंकलेल्या बायका यांच्याशी बोलून लिहिलेलं अधिक आहे. न जिंकलेल्या बायका जास्त मोकळेपणानं बोलल्या. कालक्रम ढोबळ ठेवला आहे, कारण गावात कार्यक्रम लागला त्या सालाने ओळखला जात नाही, वीज होती की भारनियमन चालू होतं यावरून ओळखला जातो. लामाण आणि आंध वस्त्यांतल्या अनुभवांवर जितकं हवं तितकं मिळालं नाही. कळमनुरी तालुक्यातून आलेला एकच लेख आहे आणि तो आखूड आहे.

शेवटचा भाग मात्र आरंभी योजनेत नव्हता. लेखांसाठी बोलताना लोक मुलाखत संपवून उलट एकच प्रश्न विचारत: एक कोटीतले हातात किती येतात? म्हणून कराची माहिती सोप्या भाषेत जोडली आहे. अशा बक्षिसावर तीस टक्के आयकर लागतो, वर अधिभार आणि उपकर. घरखर्च, प्रवास, काहीच वजा होत नाही आणि रक्कम हातात पडण्याआधीच कर कापला जातो. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल आणि त्याची किंमत दहा हजारांवर जात असेल, तर ती वस्तू देण्याआधी कर भरला गेल्याची खात्री देणाऱ्यानं करून घ्यायची असते. पटांगणातली सेमी पैठणी या मर्यादेच्या आत राहते. दुसऱ्या नंबरचा फ्रीज राहत नाही, आणि त्याचा कर कोणी भरला, हे आम्ही ज्या ज्या मंडपात विचारलं तिथं लगेच पुढचा खेळ सुरू झाला.